पर्फच्या रिपोर्टमध्ये फंक्शनची नावंच येत नाहीत

ताणाबाणा_सोलापूर: नमस्कार. पूर्व भागात आमचे चादरीचे आठ माग आहेत. डिझाइनच्या चित्रावरून जकार्डला ताण्याचे कुठले धागे उचलायचे ते काढून देणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिलाय. एका चादरीला 40 सेकंद लागतात. वडील गिऱ्हाइकासमोर रंग बदलून दाखवतात, दर वेळी एवढं थांबायचं म्हणजे माणूस उठून जातो हो.

उबुंटू 22.04 आहे. कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते मोजायला लिनक्सचं पर्फ हे साधन घेतलं. ते आधी परवानगी नाही म्हणालं. पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड (कर्नेलमधली परवानगीची सेटिंग) 4 होतं, ते 1 केलं. आता रेकॉर्ड होतं, पण रिपोर्टमध्ये फंक्शनच्या जागी नुसते हेक्स आकडे. पर्फला '-जी' देऊनही कोण कुणाला कॉल करतंय ते कळत नाही. दोन रात्री गेल्या.

कर्नेलकाका: कंपाइल कसं करताय? मेकफाइलमधली ओळ टाका.

ताणाबाणा_सोलापूर: काका, '-ओ2' (वेगासाठीचं ऑप्टिमायझेशन) आणि शेवटी छोटा '-एस'. फाइल लहान व्हावी म्हणून कुठूनतरी उचललेला.

कर्नेलकाका: मग दोन दुखणी आहेत, वेगवेगळी. '-एस'मुळे लिंकर सिंबॉल टेबलच, म्हणजे फंक्शनच्या नावांची यादीच, काढून टाकतो, पर्फला नावं मिळणार कुठून? तो काढा, कंपायलरला '-जी' द्या (हे डीबग माहितीसाठी, पर्फचं '-जी' वेगळं). दुसरं, '-ओ2'मध्ये कंपायलर फ्रेम पॉइंटर ठेवत नाही आणि पर्फचं '-जी' त्याच्याच आधाराने स्टॅक उलगडतं, म्हणजे कोणी कुणाला कॉल केलं ते शोधतं. 'नो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर' लावून पुन्हा बिल्ड करा. '-ओ2' मात्र राहू द्या, नाहीतर भलत्याच प्रोग्रामचं मोजमाप कराल.

रात्रपाळी: पुन्हा बिल्ड करता येत नसेल तेव्हा पर्फच्या कॉल-ग्राफ पर्यायाला ड्वॉर्फ (फ्रेम पॉइंटरशिवाय स्टॅक उलगडायची पद्धत) द्यायचं. पण ते प्रत्येक नमुन्यामागे 8 केबी स्टॅक उचलतं, फाइल भराभर फुगते. म्हणून '-एफ 99' ठेवा, म्हणजे सेकंदाला 99च नमुने.

ताणाबाणा_सोलापूर: सापडलं! काकांचं ऐकून बिल्ड केलं, नावं आली. निम्म्याहून जास्त वेळ 'जवळचा रंग' शोधणाऱ्या फंक्शनमध्ये. आमच्याकडे सुताचे रंग सहा, आणि मी प्रत्येक पिक्सेलला सहाही रंगांशी अंतर काढत होतो, वर्गमूळासकट. एकदा पाहिलेल्या रंगाचं उत्तर आता तक्त्यात ठेवतो, वर्गमूळ तर काढूनच टाकलं. 40 चे 6 सेकंद झाले. आता रिपोर्टमध्ये वरती फाइल लिहिणं दिसतंय, एकेक ओळीला बफर रिकामा (फ्लश) करतोय मी. ते आज रात्री.