हाफ मॅरेथॉन 2 तास 52 मिनिटांत. हे सांगण्यासारखं आहे का?

त्रिमूर्तीनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. वय 49, बँकेत काउंटरवर बसते. दोन वर्षांपासून अंबाझरीला पळते. या जानेवारीत पहिली हाफ केली, 21.1 किमी, 2 तास 52 मिनिटं. मेडल गळ्यात घालून घरी आले तर भाचा सोफ्यावर तर्री-पोहे हाणत बसलेला. आकडा पाहून म्हणाला, "मावशी, एवढ्या वेळात त्या केनियाच्या किपटमची फुल मॅरेथॉन झाली होती, वरतून पाऊण तास उरला! तू चालून राहिली होती का?"

हसले मी. पण तेव्हापासून ऑफिसात कोणी विचारलं की "पूर्ण केली" एवढंच सांगते, वेळ गाळते. नेमकं काय केलं म्हणजे भारी म्हणायचं? दोन तासांत हाफ? चार तासांत फुल? "स्पर्धा स्वतःशीच असते" वगैरे नको, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतं.

पळपुटा_पोट्टा

खरं सांगू का मावशी, राग नका मानू. हाफ दोनच्या आत झाली तर रनिंग, नाहीतर जॉगिंग. माझी 1:51 आहे, तेही इंजिनीअरिंगची सबमिशनं सांभाळून.

सिव्हिल_लाइन्स_रनर

पोट्ट्या, तू विशीतला. एज ग्रेडिंग नावाची गोष्ट असते. त्या वयाच्या बाईची किंवा माणसाची जगातली सर्वोत्तम वेळ धरायची आणि ती आपल्या वेळेच्या किती टक्के ते काढायचं. नेटवर कॅल्क्युलेटर आहेत. तुझी 1:51 टाकून बघ एकदा, मग बोलू.

पीटीसर_रिटायर्ड

ताई, 31 वर्षं शाळेत पीटी शिकवली. तरुणपणी 10,000 मीटर 33 मिनिटांत पळायचो. मोहल्ल्यात हिरो होतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत गेलो तर पहिल्या आलेल्या पोरानं मला अख्खा एक राउंड टाकला. माझ्या बाजूनं गेला तेव्हा त्याचा श्वासही ऐकू आला नाही. म्हणून 1:51 वाल्यानं जरा दमानं घ्यावं.

शाळेच्या मैदानावर मी पोट्ट्यांना एक खेळ द्यायचो. 400 मीटरचा एक राउंड, 68 सेकंदांत. दहावीतला सगळ्यात तेज पोरगा 66 मध्ये आला अन् कडुनिंबाखाली जाऊन भडाभडा ओकला. मग सांगायचो, 2019 मध्ये व्हिएन्नात केनियाचा किपचोगे याच चालीनं असे 105 राउंड, म्हणजे अख्खी मॅरेथॉन, न थांबता पळाला, 1:59:40. पेसर, म्हणजे चाल धरून सोबत पळणारे, आलटूनपालटून येत होते म्हणून अधिकृत विक्रम नाही धरला, ते सोडा. पोरं गप्प व्हायची.

तेव्हा 2:52 ला वेगवान म्हणू नका, मी पण म्हणणार नाही. वेगाचं माप वेगळं. शिवनाथ सिंग 1978 मध्ये जालंधरला 2:12:00 पळाला, अन् पुढची चाळीस वर्षं एकाही भारतीयाला ते मोडता आलं नाही. ते वेगाच्या खात्यात. अन् फौजा सिंग 2011 मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी सव्वाआठ तासांत फुल पूर्ण करतो, ते कोणत्या खात्यात टाकता? त्याला जॉगिंग म्हणशील का बे पोट्ट्या?

ताई, तुमचे शेवटचे पाच किलोमीटर कसे गेले ते सांगा. मले वेळेपेक्षा ते ऐकायचं आहे.

त्रिमूर्तीनगरची_मावशी

सर, वाईट गेले. कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची मुदत, तीन तासांचा होता, तरी 16 किमीनंतर पाण्याची टेबलं रिकामी. रस्ताभर चुरगळलेले कागदी ग्लास नुसते. एका ठिकाणी तर टेबलच टेम्पोत चढवत होते. शेवटी टपरीवरच्या दादांनी स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं, म्हणाले, "बसा ना जराशा." बसले असते तर उठलेच नसते. उभ्यानंच प्यायले, अर्धं कुर्त्यावर.

फिनिशला पोचले तर एक पोरगा टायमिंगची मॅट गुंडाळत होता. मला पाहून थांबला, हातभर परत उलगडली. मी पाय ठेवला, "पीं" वाजलं. म्हणून तर 2:52 हा आकडा आहे, नाहीतर तोही नसता.

सिव्हिल_लाइन्स_रनर

यावर आयोजकांना मेल टाका. कटऑफपर्यंत पाणी पाहिजेच, फी सगळ्यांनी सारखीच भरली असते. पुढच्या लोकांना एक तास चाळीसला मागे काय चालतं ते माहीतही नसतं. मलाही नव्हतं.

पीटीसर_रिटायर्ड

ती मॅट उलगडणारा पोरगा मले आवडला. ताई, ऑफिसात वेळ सांगत जा. मॅटसकट.

पळपुटा_पोट्टा

सर, रविवारी मानकापूरच्या ट्रॅकवर जातो. 68 मारून दाखवतो.

पळपुटा_पोट्टा

अपडेट: 77. सर आले होते. घड्याळ अन् पाण्याची बाटली, दोन्ही घेऊन.