उत्तर: उत्तर: शेतकरी यादी नव्या सीआरएमवर – मोबाईल नंबरवर गाडी अडली

मंडळी,
नव्या सीआरएमच्या (सभासदांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या) चाचणी खात्यात जुनी सीएसव्ही (रकान्यांची साधी फाईल) चढवली. एका मोबाईलवरचे सगळे शेतकरी एकाच नोंदीत मिसळले. नवा विक्रेता म्हणतो, मोबाईल हीच ओळख, ते बदलणार नाही. जुन्या सीआरएमची वर्गणी संपत आलीय. लवकर कळवा.
– सचिव

ताई,
मग तो विक्रेता नको. घाटंजी-आर्णीकडे घरात फोन एक, सातबारे तीन. बाप, लेक, सून तिघंही सभासद. ओळख म्हणून आपला सभासद क्रमांक हवा, मोबाईल नुसता संपर्काचा रकाना. त्यांच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका. तीच फाईल लागोपाठ दोनदा चढवा. नोंदी दुप्पट झाल्या तर क्रमांकावरून जुनी नोंद शोधणं त्यांना जमत नाही, एवढं समजा.
– डेटा समिती

सभासद क्रमांक कशाला? अ‍ॅग्रीस्टॅकचा शेतकरी आयडी (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) सरकारीच आहे, तोच घ्या. हे मी मागच्या सभेतही सुचवलं होतं.
– माजी खजिनदार

काका, तो आयडी सातबाऱ्यावर नाव असलं तरच निघते. ठेक्याने, बटईने करून राहिले त्यांना कुठून द्याचा? रकाना ठेवा, पण रिकामा चालला पाहिजे. आणि क्षेत्राचं पाहा नं भाऊ. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे, आपल्या अर्जावर एकर. ०.८० हेक्टर म्हणजे जवळपास दोन एकर. एकाच रकान्यात दोन्ही टाकले तर ०.८० ला एकर समजून बियाण्याच्या बॅगा अर्ध्याहून कमी निघतील. एकक वेगळ्या रकान्यात पाहिजे.
– केंद्र कार्यालय, यवतमाळ

मूळ फाईल तिकडे कोणी एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली का? ९१ लावलेला १२ आकडी नंबर 'ई+११' असा दिसतो आणि सीएसव्हीत तसाच उतरतो. मग नंबर गेलाच. अमेरिकी सेटिंगवर ५ जुलैची पेरणी, ०५/०७, ७ मे होते. १५/०७ मात्र मजकूर म्हणून तशीच राहते, त्यामुळे वरवर पाहिलं तर फाईल बरी वाटते. डबल क्लिक नको. डेटा टॅबमधून आयात करा, युटीएफ-८ निवडा (नाहीतर नावांचा चिवडा), मोबाईल व तारीख 'टेक्स्ट' ठेवा. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच द्या.
– डेटा समिती

मेसेजचं खातं आमच्याकडे आहे, परस्पर जोडू नका. डीएलटीवरचं (व्यावसायिक मेसेजच्या नोंदणी पोर्टलवरचं) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मंजूर मजकूर आपल्या नावावर आहेत, ती सोबत येतील. पण नव्या मेसेज कंपनीशी साखळी पोर्टलवर पुन्हा बांधावी लागते, नाहीतर मेसेज अडतो. मराठीत एका मेसेजला ७० अक्षरं, लांबला तर प्रत्येक तुकड्याला ६७. काना-मात्रा वेगळ्या मोजतात, 'शेतकरी'चीच सहा होतात. विक्रेत्याने दर इंग्रजीच्या १६० अक्षरांवर सांगितलाय, तो फसवा आहे.
– संपर्क समिती

खाते तुमचंच राहू द्या, पण मेसेज घ्यायच्या संमतीचा रकाना आमच्या यादीतून येतो, तो कोण राखणार ते ठरवा.
– डेटा समिती

ते सभेत बोलू. आधी जुन्याची वर्गणी एक महिना वाढवा. सीएसव्हीत फक्त रकाने येतात, सातबाऱ्याचे फोटो नाही येत. कॉलच्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागतात. नव्याचं अ‍ॅप फोन विमान मोडवर टाकून तपासतो. झरीकडे रेंज जाते, तिथं भरलेला अर्ज नंतर चढला नाही तर बाकीचं सगळं फुकट.
– केंद्र कार्यालय