मदत हवी आहे: हायड्रोजन मिसळलेल्या गॅसलाइनसाठी हातात धरायचा गळती डिटेक्टर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वितरण लाइनमध्ये नैसर्गिक वायूत २० टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळायचं ठरतंय आणि गळती शोधणाऱ्या टीमसाठी नवे डिटेक्टर निवडायचं काम माझ्याकडे आलंय. 'हायड्रोजनसाठी योग्य' असं प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण नेमक्या कोणत्या कामासाठी योग्य, ते कळत नाही.

सध्या आमच्याकडे चालत सर्व्हे करायला लेझरवर चालणारा मिथेन डिटेक्टर आहे आणि खड्ड्यात उतरताना कमरेला लावायला इन्फ्रारेड सेन्सरचा एलईएल मीटर (हवेतला वायू पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे एलईएलच्या, किती टक्के आहे ते दाखवणारा). हायड्रोजनचा रेणू इन्फ्रारेड प्रकाश शोषत नाही, त्यामुळे दोघांनाही तो दिसत नाही. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेनच, त्यामुळे मिश्रणात मिथेन असणारच, म्हणून गळती सापडेल हे मान्य. मला काळजी आहे ती मीटरवरच्या आकड्याची.

हवेत मिथेन ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, हायड्रोजन ४ टक्क्यांनाच. ८०-२० मिश्रणाची ही खालची मर्यादा साधारण ४.७६ टक्के येते. खड्ड्यात मिश्रण १ टक्का साचलं तर खरं रीडिंग एलईएलच्या २१ टक्के हवं. इन्फ्रारेड मीटरला त्यातला ०.८ टक्के मिथेन तेवढा दिसणार आणि तो १६ दाखवणार. अलार्म २० वर लावला असेल तर तो वाजणारच नाही, आणि आत माणूस असेल. शिवाय हायड्रोजन पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या मानाने फारच क्षीण असते.

तर कॅटॅलिटिक, थर्मल कंडक्टिव्हिटी की इलेक्ट्रोकेमिकल? सगळं एकाच उपकरणात भागतं का? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगावं.

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे तुमचं. माझं मत सांगतो: गळती शोधणं आणि माणूस सुरक्षित ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एका सेन्सरवर दोन्ही टाकू नका.

कमरेच्या मीटरला कॅटॅलिटिक घ्या. त्यात मिथेन आणि हायड्रोजन दोन्ही जळतात, म्हणून दोन्ही मोजले जातात. पण त्याला ऑक्सिजन लागतो आणि सिलिकॉनच्या वाफांनी तो निकामी होतो. बिघडलेला कॅटॅलिटिक सेन्सर शून्य दाखवत शांत बसतो, म्हणून कामावर निघण्याआधी बंप टेस्ट (थोडा चाचणी-वायू देऊन सेन्सर प्रतिसाद देतो का ते बघणं) झालीच पाहिजे.

बार होलमध्ये मात्र त्याच्यावर विसंबू नका. जमिनीत पहार मारून भोक पाडलं आणि प्रोब आत सोडला की आकडा झपाट्याने चढतो, क्षणभर थांबतो आणि खाली घसरायला लागतो. नवीन मुलाला वाटतं गॅस ओसरला. खरं तर आत गॅस इतका दाट असतो की जळायला ऑक्सिजनच उरलेला नसतो. तिथे थर्मल कंडक्टिव्हिटीचा सेन्सर हवा, त्याला ऑक्सिजन लागत नाही. त्यातही एक मेख आहे. हायड्रोजन हवेच्या साधारण सातपट उष्णता वाहतो, मिथेन हवेपेक्षा थोडीशीच जास्त. त्यामुळे मिथेनवर कॅलिब्रेट केलेला (म्हणजे ज्ञात प्रमाणाचा मिथेन देऊन आकडा जुळवलेला) सेन्सर मिश्रणात आकडा फुगवून दाखवतो. कॅलिब्रेशन तुमच्या लाइनमधल्या मिश्रणानेच करा. हे दोन्ही सेन्सर आणि पंप एकाच उपकरणात मिळतात, बार होलच्या कामाला तसलंच घ्या. पंपाच्या तोंडाशी पाणी अडवणारा फिल्टर आहे ना ते बघा.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) हायड्रोजन दाखवतो. नेमका कोणता फ्लँज किंवा व्हॉल्व्ह गळतोय हे हुडकायला छान. सापडलेला मिथेन लाइनचा की गटारातला, याचीही त्यावरून खूण मिळते. पण हायड्रोजन दिसला नाही म्हणून गळती लाइनची नाहीच असं धरू नका, मातीतले जिवाणू हायड्रोजन खातात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दोन गोष्टी राहिल्या. उपकरणाचं स्फोटरोधक प्रमाणपत्र कोणत्या वायूगटाचं आहे ते तपासा (वायू किती सहज पेटतो यावरून गट पाडतात, आयआयएपेक्षा आयआयसी कडक). २५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असलेला नैसर्गिक वायू आयआयए गटातच धरतात, पण मिश्रण करतात तिथे शुद्ध हायड्रोजनची लाइन येते आणि तिथे आयआयसी लागतं. टीम दोन्हीकडे जाणार असेल तर सरळ आयआयसीच मागा.

दुसरं म्हणजे चार-वायू मीटरमधला कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर बहुधा हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. मोनॉक्साइड नसताना अलार्म वाजेल. टीमला आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक वैतागून अलार्म बंद करतात आणि खरा मोनॉक्साइड असेल तेव्हा कोणालाच कळणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आता कमरेला कॅटॅलिटिक आणि बार होलला दोन सेन्सरचं पंपवालं, दोन्ही आयआयसी, अशी मागणी लिहितोय. इलेक्ट्रोकेमिकल प्रत्येक टीमला एक पुरेल असं वाटतं.

एक शंका अजून आहे. आमच्याकडे हायड्रोजनचं प्रमाण रोज सारखं राहणार नाही, कधी ५ तर कधी २०. मग कॅलिब्रेशन कोणत्या मिश्रणावर ठेवायचं? कॅटॅलिटिकसाठी शुद्ध मिथेनवर ठेवून अलार्मच खाली आणणं कोणी करतं का?