विंडोज १० गेलं म्हणून सगळ्यांनी लिनक्सच टाकायचं का?

खटाटोप:
परवा इथे एकाने लिहिलं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम फुकट आहे, तरी जे क्रॅक (चोरून घेतलेल्या) विंडोजला चिकटून बसलेत ते आळशी आणि बिनडोक. डोकंच फिरलं वाचून. मी घरी मिंट हे लिनक्स वापरतो, लिनक्स वाढावं असं मनापासून वाटतं, पण शिव्या घातल्यावर कोण येणारे तुमच्याकडे? आधी विचारा तरी की बाबा, तू दिवसभर मशीनवर काय करतोस. आहे त्या विंडोजवरच त्याला लिबरऑफिस, फायरफॉक्स, इंकस्केप असे लिनक्सवरही चालणारे प्रोग्रॅम लावून द्या, हात बसू दे, मग खालची सिस्टीम बदलली तरी त्याचं फारसं अडत नाही. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा निर्णय घेतला, ते विसरू नका.

पुणेरी_पेंग्विन:
ते मीच लिहिलंय. म्युनिक सांगता, मग त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइनचंही सांगा की, २०२४ मध्ये जवळपास ३० हजार सरकारी मशिनी लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं त्यांनी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे सहाव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप काय भंगारात द्यायचे? केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं उबुंटू या लिनक्सवर बेतलेल्या सिस्टीमवर शिकतायत. आपल्याकडे अजून निळा ई म्हणजे इंटरनेट.

बॅलन्सशीट:
केरळ राहू द्या, रिटर्नच्या शेवटच्या तारखेला माझ्या ऑफिसात येऊन बसा. हिशेबाचं टॅली लिनक्सवर येत नाही, क्लायंट टॅलीचाच बॅकअप पाठवतो. डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन लावला तर पोर्टलला दिसेना, ड्रायव्हर शोधत रात्र गेली, आणि लेट फी पेंग्विन भरणार नव्हता. 'टॅलीऐवजी जीएनयूकॅश वापरा' म्हणणाऱ्यांनी एकदा तरी दुसऱ्याचा जीएसटी भरावा.

रेमिंग्टन:
टॅली जाऊ दे, मराठीचं बोला. माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं काम, जुने अंक सगळे युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत. फाईलमध्ये कोड इंग्रजी अक्षरांचे, वर फॉन्ट मराठी आकार दाखवतो, फॉन्ट काढला की नुसता कचरा. लिनक्सवर गेलो तर तो डेटा वाचणार कोण?

पुणेरी_पेंग्विन:
हा दोष लिनक्सचा? तुम्ही लोकांनी वीस वर्षं मराठी मजकूर कंपन्यांच्या फॉन्टात कोंडून ठेवलात! शोधता येत नाही, नेटवर टाकता येत नाही. जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, युनिकोडात आणा.

रेमिंग्टन:
'तुम्ही लोकांनी'? तेव्हा प्रेसला जे चालायचं तेच आम्ही वापरलं, पोट होतं पाठीशी. आणि कन्व्हर्टरचं मला नका सांगू. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, युनिकोडात दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो, 'निर्मिती'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तीनशे पानांचं पुस्तक डोळ्यांनी तपासायचं, त्याचे पैसे कोण देतो?

शाळामास्तर:
रेमिंग्टनभाऊंचं पटतं, पण नवीन मजकूर तरी युनिकोडात करा ना. लिनक्सवर टायपिंगसाठी जे आयबस असतं त्यात गमभन, इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन तिन्ही कीबोर्ड मिळतात, मुक्ता फॉन्ट फुकट आहे आणि छपाईत छान दिसतो. आमच्या शाळेत दात्यांनी दिलेल्या जुन्या मशिनींवर मिंट टाकलं, पोरांनी आठवड्यात इनस्क्रिप्ट उचललं. अडलं कुठे, तर वरून येणारी माहितीची एक्सेल शीट. त्यातले मॅक्रो, म्हणजे आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्रॅम, लिबरऑफिसात चालेनात, म्हणून एक मशीन विंडोजवर ठेवावंच लागलं.

खटाटोप:
हेच तर म्हणतोय मी! सामान्य माणूस आळशी नाही, त्याच्याकडे मागितलं जाणारं कागदपत्र एका कंपनीच्या फॉरमॅटात अडकलंय. जोर लावायचा तर तिथे लावा, ऑफिसांना ओडीएफ हा सगळ्यांना खुला फाईल फॉरमॅट घ्यायला लावा.

बॅलन्सशीट:
लावा जोर. टोकन पहिल्या फटक्यात चालला की घरचं मशीन बदलतो, ऑफिसचं नाही.

पुणेरी_पेंग्विन:
बिनडोक हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. रेमिंग्टन, त्या पुस्तकाचं एक प्रकरण आणि फॉन्टचं नाव पाठवा. रफार कुठे घसरतो ते एकदा नीट कळलं तर स्क्रिप्ट मी लिहितो, फुकट, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवतो.

रेमिंग्टन:
पाठवतो. 'तुम्ही लोकांनी' मात्र लक्षात राहील.