मदत हवी आहे: जुनी आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) वर्षभर लावून राहायला जागा

आमची आरव्ही २२ वर्षांची, लांबी २८ फूट, वीजजोडणी ३० अँपिअरची. दोघं तिच्यातच राहतो. निदान वर्षभर एका जागी थांबायचंय. आरव्ही पार्कवाले (अशा गाड्या लावायला भाड्याने जागा देणारे) गाडीचं साल ऐकलं की '१० वर्षांपेक्षा जुनी नको' म्हणतात. फोटो पाठवतो म्हटलं तरी पुढे बोलणंच नाही. (गळती अजिबात नाही, रंग मात्र उडालाय.) स्टोरेज यार्डात जागा आहे, पण तिथे मुक्कामाला बंदी.

आता एकांच्या शेतात भाड्याने लावायचा विचार आहे. वीज मिळेल, पाणी भरून आणू, पण मैल्याची टाकी दर आठवड्याला रिकामी कुठे करायची? आणि जागामालकाचा होकार पुरतो, की गाडीत राहायला स्थानिक प्रशासनाची वेगळी परवानगी लागते? असं कुणी राहिलं असेल तर करारात काय काय लिहून घेतलंत?