मदत हवी आहे: रिमोटच्या बोटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र ४० मीटरवरच जातंय (उपवन, ठाणे)

उपवनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

६५ सेंमी लांबीची मॉडेल बोट आहे. फायबरचा हल (बोटीचं बाहेरचं अंग), ५४० आकाराची ब्रश्ड मोटर, २एस (दोन सेलची) ५००० एमएएच लायपो बॅटरी, रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. डेकवर १९ मिमीचा ॲनालॉग कॅमेरा (लेन्स २.१ मिमी) आणि ५.८ गिगाहर्ट्झचा व्हीटीएक्स (चित्र पाठवणारा ट्रान्समीटर) बसवलाय. व्हीटीएक्सवर २५, २०० आणि ६०० मिलिवॅट अशा तीन सेटिंग आहेत. अँटेना सोबत आलेली काडीचीच, पाण्यापासून १५ सेंमीवर. मी चित्र दाखवणारा गॉगल घालून काठावर उभा असतो.

अडचणी अशा:

१. २०० मिलिवॅटवर ४० मीटरला चित्रात मुंग्या येतात, ६० मीटरला निळा पडदा. रिमोट मात्र १५० मीटरलाही नीट चालतो.
२. थ्रॉटल दिला की चित्रावर आडव्या रेघा येतात. वेग वाढवला की रेघा दाट होतात.
३. दहा-बारा मिनिटांत लेन्सवर आतून धुकं धरतं.

६०० मिलिवॅट करून पाहिलं. अंतर जेमतेम दहा मीटर वाढलं आणि आठव्या मिनिटाला व्हीटीएक्स तापून बंद पडला. आता १ वॅटचा घ्यावा का?

---

डोलकाठी

१ वॅटचा घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. तुमचं दुखणं शक्तीचं नाही, उंचीचं आहे.

ड्रोनवाल्यांचे अंतराचे आकडे बोटीला लागू पडत नाहीत. बोटीवरून निघालेली लहर तुमच्याकडे दोन वाटांनी येते, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. इतक्या सपाट कोनात पाणी आरशासारखं वागतं आणि आपटलेली लहर उलटी होऊन येते. दोन्ही वाटांची लांबी जवळपास सारखी असली की सरळ आणि उलटी लहर एकमेकींना खाऊन टाकतात.

आकड्यांत बघा. अँटेना पाण्यापासून १५ सेंमी, गॉगल दीड मीटरवर, बोट तुमच्यापासून १०० मीटर अंतरावर. दोन वाटांमधला फरक फक्त ४.५ मिमी पडतो. ५.८ गिगाहर्ट्झची लहर साधारण ५२ मिमी लांब असते आणि हा फरक तिच्या निम्म्याच्या, म्हणजे २६ मिमीच्या आसपास गेला की दोन्ही लहरी उलट एकमेकींना साथ देतात. बोटीवरची अँटेना ३५ सेंमीवर आणि काठावरची ३ मीटरवर नेली तर त्याच १०० मीटरला फरक २१ मिमी होतो. शक्ती एका मिलिवॅटनेही न वाढवता तिथे सिग्नल १० डेसिबलच्या वर सुधारतो, म्हणजे शक्ती दहापट केल्यासारखं. याउलट पाण्यालगतच्या अँटेनाने अंतर दुप्पट करायचं तर शक्ती १६ पट लागते. ६०० वर दहाच मीटर वाढले ते यामुळे.

करायचं काय:

बोटीवर ३० सेंमीची डोलकाठी उभी करा. गळाच्या फायबरग्लास काठीचा तुकडा उत्तम, साधी वेताची काडीही चालते. कार्बनची नळी मात्र नको, ती वीज वाहते आणि अँटेनाचा सगळा नूर बिघडवते. अँटेनाची वायर लांबवण्यापेक्षा व्हीटीएक्सच काठीच्या टोकाला चढवा. बारीक कोॲक्स ५.८ ला मीटरमागे ३-४ डेसिबल खाते, पॉवरच्या वायरींना तो त्रास नाही. वर वारा लागतो, त्यामुळे तापण्याचा प्रश्नही बराचसा सुटतो. हे व्हीटीएक्स ड्रोनच्या पंख्याच्या वाऱ्यात राहतील असं धरूनच बनवलेले असतात, बंद हलमध्ये त्यांचा जीव घुसमटतो.

वरचं वजन २५ ग्रॅमच्या आत ठेवा. २५ ग्रॅम ३० सेंमीवर म्हणजे ७५० ग्रॅम-सेंमी. तुमची बॅटरी अंदाजे २५० ग्रॅमची असेल, ती ३ सेंमी खाली सरकवली की हिशोब फिटतो. हे केलं नाही तर जोरात वळताना बोट कलंडेल.

काठावर गॉगलमधला रिसीव्हर वापरू नका. वेगळा रिसीव्हर आणि पॅच अँटेना (चपटी, एका दिशेला रोखायची) रंगाऱ्याच्या लांबणाऱ्या काठीवर ३ मीटरला बांधा आणि तिथून एव्ही केबल गॉगलपर्यंत आणा. ३-४ मीटर केबलने चित्राला काही होत नाही.

आणि अँटेना जोडल्याशिवाय व्हीटीएक्सला कधीही करंट देऊ नका. आउटपुटचा चिप जळतो.

---

खाडीकाठ

डोलकाठी यांच्याशी सहमत, एक भर घालतो. दोन्हीकडच्या काडीच्या अँटेना काढून गोल ध्रुवीकरणाच्या (ज्यांची लहर स्क्रूसारखी फिरत जाते) घ्या. बोटीवर पॅगोडा किंवा क्लोव्हर, काठावर पॅच. दोन्ही उजव्या हाताच्या किंवा दोन्ही डाव्या, मिसळलं की सिग्नल पडलाच. बोट कलली की काडीही कलते आणि सिग्नल घसरतो, गोल ध्रुवीकरणात ते होत नाही. काठच्या इमारतींवरून येणारी परावर्तनंही कमी होतात.

पण या अँटेना पाण्यावरचं परावर्तन मारतात असं जे सर्रास सांगितलं जातं, ते बोटीला लागू नाही. परावर्तनात लहरीची फिरण्याची दिशा उलटते ती मोठ्या कोनात. पाण्यावर या फ्रिक्वेन्सीला कोन साधारण ७ अंशांच्या खाली गेला की दिशा तीच राहते आणि आपल्या बोटीचा कोन एक-दोन अंशच असतो. म्हणून काठी लागतेच.

चॅनेल रेसबँडचा (व्हीटीएक्समधल्या आठ चॅनेलच्या एका संचाचा) तिसरा ते सहावा (आर ३ ते आर ६, ५७३२ ते ५८४३ मेगाहर्ट्झ) यातलाच ठेवा. आपल्याकडे ५७२५ ते ५८७५ हा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे, आर ७ आणि आर ८ त्याच्या बाहेर जातात. उपवनच्या आजूबाजूला सोसायट्यांचे वायफाय भरपूर. त्यांचे वरचे चॅनेल ५८३५ च्या आसपास संपतात, त्यामुळे आर ६ सगळ्यात मोकळा मिळेल.

---

तांब्याची तार

रेघांचं मी बघतो. आधी पाच मिनिटांची चाचणी करा. कॅमेरा आणि व्हीटीएक्स वेगळ्या छोट्या बॅटरीवर लावा, मुख्य बॅटरीशी काहीच संबंध नको. रेघा गेल्या तर गोंगाट वायरीतून येत होता. राहिल्या तर हवेतून येतोय, मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांमधून.

कारण काहीही निघो, मोटरवर तीन सिरॅमिक कपॅसिटर लावाच: ०.१ मायक्रोफॅराड, अंगावर १०४ लिहिलेले, ५० व्होल्टचे. एक दोन्ही टर्मिनलमध्ये, बाकीचे दोन एकेका टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. डब्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून घ्या, नाहीतर सोल्डर मण्यासारखं नुसतं बसतं आणि पहिल्याच धक्क्याला सुटतं. कपॅसिटरचे पाय जितके आखूड तितकं चांगलं. मोटरच्या वायरींना घट्ट पीळ द्या.

माझं मत, बॅटरी कायमचीच वेगळी ठेवा. ३एस ४५० एमएएच पुरते. दोघांना मिळून ३५० मिलिअँपिअर धरले तर ८० टक्के वापरूनही तासभर निघतो. तुमच्या २एस ला दुसरा धोका आहे. ५४० मोटर करंट ओढते तेव्हा व्होल्टेज ७ च्या खाली जातं आणि बरेच व्हीटीएक्स ७ व्होल्टपासूनच चालतात. नेमकं वळणावर चित्र जाऊन परत येत असेल तर हेच.

कॅमेऱ्याचा ग्राउंड व्हीटीएक्सच्या ग्राउंडवरूनच घ्या. दोन ठिकाणांहून घेतला की परत रेघा.

---

नेरुळची होडी

धुक्याबद्दल. दादा, कॅमेऱ्याची डबी तुम्ही कुठे बंद करता? ठाण्याच्या दमट हवेत बंद केलीत तर ती हवाच आत कोंडली जाते आणि पाण्याचा शिंतोडा उडून काच गार झाली की आतलं बाष्प तिथेच धरतं. एसी खोलीत अर्धा तास उघडी ठेवून मग बंद करा, आत २ ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाका. पुडी दर दोन-तीन खेपांनी बदला.

डबी अगदी हवाबंद केलीत तर वेगळी पंचाईत. उन्हात आतली हवा फुगून सीलमधून बाहेर जाते, बोट पाण्यात टाकली की आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढते. म्हणून डबीला २ मिमीची सिलिकॉन नळी लावून तिचं तोंड डोलकाठीच्या वर न्या, टोक खाली वाकवून. सिलिका जेल तरीही हवंच, नळीमुळे ते थोडं लवकर भरतं.

सीलंट लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन इलेक्ट्रॉनिक्सजवळ अजिबात नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हीटीएक्सच्या बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल रोखणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या. अँटेनाचा जोड, बटण आणि कॅमेऱ्याची लेन्स आधी टेपने झाका. वर उष्णता जायची जागा, म्हणजे धातूची पट्टी, कोरी सोडा.

---

उपवनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डोलकाठीवर अँटेना पाण्यापासून ३५ सेंमीवर, काठावर ३ मीटरची काठी, गोल अँटेना, आर ६, २०० मिलिवॅट: १३० मीटरपर्यंत चित्र स्वच्छ, व्हीटीएक्स अर्धा तास बंद पडला नाही. तीन कपॅसिटर आणि वेगळी बॅटरीही लावली. पूर्ण थ्रॉटलला दोन-तीन पुसट रेघा अजून दिसतात. धुकं गेलं.

पुढे वाशीच्या खाडीत चालवायचा विचार आहे. काय बदलावं?

---

तांब्याची तार

उरलेल्या रेघांसाठी कॅमेऱ्याची व्हिडिओ वायर बघा, ती मोटरच्या वायरीला समांतर गेली असणार. किमान ५ सेंमी दूर न्या आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

---

खाडीकाठ

खाडीत आधी भरतीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला काठापासून लांबवर चिखल उघडा पडतो, त्यात रुतलेली बोट आणायला उतरू नका, माणूसही रुतत जातो. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी सुरू करा आणि उतरू लागायच्या आत आवरा. ऐरोलीकडे बोट वळवू नका. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालंय, २०२२ पासून ते रामसर यादीतही आहे. पक्षी बसलेले दिसले की बोट पाण्यात टाकायचीच नाही.

खाऱ्या पाण्यात अँटेनाचे पितळी जोड पहिल्याच आठवड्यात हिरवे पडतात. जोडताना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, पण मधल्या पिनवर नाही. परतल्यावर अख्खी बोट गोड्या पाण्याने धुवा, शाफ्टच्या नळीत नवं ग्रीस भरा.

आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय) तपासा: बोट स्टँडवर ठेवून थ्रॉटल द्या, रिमोट बंद करा. मोटर दोन सेकंदांत थांबली पाहिजे. न थांबल्यास रिसीव्हर रिमोटशी पुन्हा बाइंड करून (जोडून) थ्रॉटल शून्यावर असताना फेलसेफ सेव्ह करा. गॉगल घातलेल्याला बाजूने येणारी होडी दिसत नाही, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी पाहणारा एक साथीदार हवाच.