मदत हवी आहे: तांब्यांची ‘नववधू’ नक्की कुठे निघाली आहे?

येत्या रविवारी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या घरगुती वाचनात भा. रा. तांब्यांची ‘नववधू प्रिया मी बावरते’ ही कविता घेतोय. राजकवी आमच्याच गावचे, १९४१ साली इथेच गेले, म्हणून नेमकं बोलायला हवं. मला पंधरा मिनिटं आहेत, आणि निम्मी मुलं हिंदी शाळेतली.

नववधू म्हणजे जीव, सासर म्हणजे मृत्यूपलीकडचं घर, हा अर्थ माहीत आहे; तो पुन्हा सांगू नका. गाणं सगळ्यांनी ऐकलंय. मी पूर्ण कविता तीनदा वाचली, शेजारी त्यांचीच ‘मरणात खरोखर जग जगते’ ठेवून पाहिली. अडतंय ते शेवटच्या ‘खरे घर ते’पाशी. मृत्यूच्या अर्थाच्या बाजूने सगळे हाच पुरावा देतात. पण आपल्याकडे प्रत्येक मुलीला पाठवणीच्या वेळी हेच ऐकवतात की! मग त्यातून सिद्ध काय होतं?

मुलांसाठी कबीराचं ‘नैहरवा हमका न भावे’ जोडावं म्हटलं, कारण गायक कुमार गंधर्वांमुळे ते इथे घरोघरी आहे. पण तिथे माहेर नकोसं झालंय, आणि तांब्यांच्या नवरीला ‘येथला लळा’ सुटत नाही. मला तर हा फरकच कवितेचा जीव वाटतो.

तांब्यांच्या इतर कविता किंवा चरित्र मध्ये न आणता, याच कवितेतला असा कोणता शब्द किंवा ओळ आहे, जिथे साध्या लग्नाचा अर्थ लागूच पडत नाही?